सायकल मार्गाची लांबी नको, सांधे मोजा

पुण्यातल्या सायकल मार्गांची चर्चा कायम किलोमीटरमध्ये होते. एवढे किलोमीटर पूर्ण, एवढे प्रस्तावित, एवढ्यांची दुरुस्ती बाकी. सायकलवर बसणाऱ्या माणसाला हा हिशोब उपयोगाचा नाही. घर ते शाळा या ३ किलोमीटरांपैकी २,९०० मीटर रस्ता गुळगुळीत असला आणि उरलेले १०० मीटर जीव मुठीत धरून काढावे लागत असले, तर आई मुलाच्या हाती सायकल देत नाही. मग तो २,९०० मीटरचा चांगला रस्ताही वाया जातो. म्हणून मार्गाची पारख त्याच्या सर्वांत वाईट दहा मीटरवरून व्हायला हवी. हे दहा मीटर शोधायला फार फिरावेही लागत नाही. चौकात, सोसायटीच्या गेटपाशी, बसथांब्याजवळ, पुलाच्या तोंडाशी, म्हणजे जिथे मार्गाचा दुसऱ्या कशाशी तरी सांधा येतो तिथेच ते हमखास सापडतात.

आपल्याकडे धोरणाची वानवा नाही. राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण २००६ चे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सातारा रस्ता आणि सोलापूर रस्त्यावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली, तिच्या आराखड्यात फुटपाथ आणि सायकल ट्रॅक दोन्ही होते. २०१६ मध्ये शहराने रस्त्यांच्या रचनेची स्वतःची मार्गदर्शक तत्त्वे केली. जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात फुटपाथ रुंद करून सायकलला जागा दिली गेली. २०१७ मध्ये पुणे सायकल आराखडा मंजूर झाला आणि त्या वर्षाअखेरीस भाड्याच्या रंगीत सायकलीही रस्त्यावर आल्या. त्या गेल्या, आराखडा राहिला. कागदावर एवढे सगळे असूनही रस्त्यावर गाडे अडते, ते कुठे हे पाहायचे तर वाकून जमीनच पाहावी लागते.

एखाद्या मोठ्या सोसायटीचे गेट घ्या. फुटपाथला लागून, रस्त्यापेक्षा १५ सेंटिमीटर उंचीवर सायकल ट्रॅक येतो. गेटसमोर गाड्यांना आत जायचे म्हणून तो ट्रॅक कापून रस्त्याच्या पातळीवर आणलेला असतो, आणि ही १५ सेंटिमीटरची उतरण बऱ्याचदा जेमतेम ६० सेंटिमीटरमध्ये उरकलेली असते. म्हणजे १ ला ४ असा उतार. चालत्या सायकलला तो खड्ड्यासारखाच लागतो. पुढचे चाक आपटते, कॅरिअरवरचे ओझे उसळते, आणि सहा मीटरनंतर लगेच तसाच चढ. हाच उतार १ ला १५ ठेवायचा तर सव्वादोन मीटर लांबी लागते. तेवढी जागा बहुतेक ठिकाणी असते, फक्त नकाशात दाखवलेली नसते. त्यातून उताराच्या पायथ्याशी चेंबरचे झाकण आले, तर रस्त्याच्या प्रत्येक डांबरीकरणानंतर ते आणखी तीन-चार सेंटिमीटर खोल जाते. पावसात त्यावर पाणी साचते आणि झाकण आहे की नाही तेच दिसत नाही.

त्याच गेटमधून पाण्याचा टँकर आत जातो. १०,००० लिटरच्या टँकरमध्ये नुसते पाणीच १० टन. त्याच्या चाकाखाली ६० मिलिमीटरचे पेव्हर ब्लॉक टिकत नाहीत. पेव्हरसाठीच्या १५६५८ क्रमांकाच्या भारतीय मानकात हलक्या वाहतुकीला ६०, मध्यमला ८० आणि जड वाहतुकीला १०० मिलिमीटर जाडी धरली आहे. निविदेत मात्र संपूर्ण ट्रॅकला एकच जाडी लिहिलेली असते, कारण दर प्रति चौरस मीटर काढायला ते सोपे जाते. मग गेटसमोरचे ब्लॉक पहिल्याच पावसाळ्यात खचतात. खालची वाळू वाहून जाते, ब्लॉक हलायला लागतात, एकेक निसटतो आणि सायकलचे चाक बरोबर त्या फटीत जाते.

उपाय उलट्या बाजूने विचार केला की सुचतो. ट्रॅक खाली आणायचाच नाही. तो फुटपाथच्या बरोबरीने सलग सपाट न्यायचा आणि गाडीने चढून ओलांडायचे. गाडीसाठीचा उतार कर्बच्या (फुटपाथच्या काठाच्या उभ्या दगडांच्या) कडेच्या ६० ते ९० सेंटिमीटर पट्टीत बसतो. गाडीला तो जाणवायलाच हवा, कारण तिचा वेग तिथे कमी होणे गरजेचे आहे. गेटच्या पूर्ण रुंदीला ट्रॅकखाली पेव्हरऐवजी लोखंडी जाळी घातलेले काँक्रीट टाकायचे. एका गेटला फार तर १५ ते २० चौरस मीटर काम. तेवढ्या खर्चाने पुढची कित्येक वर्षांची ठिगळे वाचतात.

पेव्हरबद्दल आणखी थोडे, कारण पुण्यात फुटपाथ म्हटले की पेव्हर असे समीकरण झाले आहे. चालणाऱ्याला ते चालते. सायकलला दर १५-२० सेंटिमीटरवर येणारी कड म्हणजे हँडलपासून खांद्यापर्यंत सतत थरथर. चांगला सायकलस्वार दहा मिनिटांत वैतागून खाली डांबरावर उतरतो, आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून म्हटले जाते की बघा, ट्रॅक दिला तरी वापरत नाहीत. सायकलसाठी डांबर हवे किंवा ब्रश मारून किंचित खरखरीत केलेले काँक्रीट, तीन-चार मीटरवर मशीनने कापलेले बारीक सांधे, आणि पाणी जाण्यासाठी आडवा उतार साधारण १ ला ५०. हिरवा रंग सगळीकडे फासू नये. ओला झाला की तो निसरडा होतो, आणि सगळीकडे असला की कुठेच लक्ष वेधत नाही. रंग फक्त ओलांडण्याच्या जागी, तोही खरखरीत दाणे मिसळलेला. पावसाळी गटाराच्या जाळीच्या फटी प्रवासाच्या दिशेला आडव्या हव्यात. उभ्या असल्या तर बारीक टायर आत अडकतो आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. जाळी ९० अंशात फिरवून बसवायला एक पैसाही जास्त लागत नाही.

आता चौक. खरी कसोटी इथे आहे आणि सगळ्यांत जास्त हयगयही इथेच होते. ट्रॅक चौकाच्या ३०-४० मीटर अलीकडे संपवून सायकलस्वाराला उताराने मुख्य रस्त्यावर सोडून देणे ही आपल्याकडची प्रचलित पद्धत. सोडले जाते ते नेमके डावीकडे वळणाऱ्या गाड्यांच्या रांगेत. सरळ जायचे असेल तर त्याने दोन रांगा उजवीकडे सरकायचे, मागून येणाऱ्या बसकडे मान वळवून बघत, एका हाताने इशारा करत. १४ वर्षांच्या मुलीने हे करावे अशी कोणाची अपेक्षा असेल, तर त्याने आधी स्वतः संध्याकाळी सहा वाजता स्वारगेटच्या चौकात करून पाहावे.

डावे वळण धोक्याचे का, तर दोघांची दिशा एक आणि वेग वेगळा. सायकल ताशी १५ किलोमीटरने म्हणजे सेकंदाला साधारण ४ मीटर जाते, मागची मोटार ४० ने म्हणजे ११ मीटर. मोटार पुढे निघून लगेच डावीकडे वळते आणि सायकलची वाट कापते. चालकाच्या आरशात ती सायकल नसतेच. सिग्नलला थांबायची गरज नसलेले डावे वळण आणि कोपऱ्याचा १२-१५ मीटर त्रिज्येचा मोठा घेर यामुळे हा वेग कमी होत नाही. कोपरा ५-६ मीटर त्रिज्येचा केला की गाडी आपोआप हळू वळते. जिथे १२ मीटरच्या पीएमपी बस वळतात तिथे घेर मोठा ठेवावा लागतो, पण त्याचा आतला भाग पाच सेंटिमीटर उंचीच्या दगडी फरसबंदीने भरता येतो. बसचे मागचे चाक त्यावरून जाते, मोटारवाला ते टाळून बाहेरून हळू वळतो.

दुसरे, सायकलचा ओलांडण्याचा पट्टा मुख्य रस्त्याला अगदी चिकटून न ठेवता चार-पाच मीटर आत घ्यायचा. त्यामुळे वळलेली गाडी सायकलसमोर येते तेव्हा ती जवळपास काटकोनात असते, चालकाला काचेतून समोर सायकल दिसते, आणि एक मोटार मागची वाहतूक न अडवता तिथे थांबूही शकते. हा पट्टा फुटपाथच्या उंचीवर घेतला तर वाहनांसाठी तो गतिरोधकाचे काम करतो, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटरचे उतार पुरतात. वेगळा गतिरोधक घालायची गरज उरत नाही.

तिसरे, सिग्नलची वेळ. ३० मीटरचा चौक चालत्या सायकलला सात सेकंदांचा, पण थांबून निघायचे असेल तर नऊ-दहा सेकंदांचा. पिवळा दिवा मोटारींच्या हिशोबाने लावलेला असतो, त्यामुळे हिरव्याच्या शेवटच्या क्षणी आत शिरलेला सायकलस्वार मधोमध सापडतो. सायकली आणि पादचाऱ्यांना चार सेकंद आधी हिरवा दिला, तर गाड्या सुटेपर्यंत ते चौकात पुढे निघालेले असतात आणि सगळ्यांना दिसतात. एकूण फेऱ्यात चार सेकंद म्हणजे काहीच नाही. मात्र हे सिग्नलची व्यवस्था पाहणाऱ्यांनी, वाहतूक पोलिसांनी आणि महापालिकेच्या पथ विभागाने एका टेबलावर बसून ठरवावे लागते. अडते ते इथे.

बसथांब्याचे गणित सोपे आहे. ट्रॅक थांब्याच्या मागून, फुटपाथच्या बाजूने न्यायचा, थांब्याचा ओटा किमान अडीच मीटर रुंद ठेवायचा, आणि ट्रॅक ओलांडायच्या दोन जागा झेब्रा पट्ट्यांनी दाखवायच्या. त्या ठिकाणी सायकलने थांबायचे, प्रवाशाने नाही. थांब्याच्या मागे जाहिरातीचा मोठा फलक लावू नये, त्याच्याआडून धावत येणारा प्रवासी सायकलस्वाराला दिसत नाही.

दुचाकींचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि तो अवघड आहे हे मान्य करूनच पुढे जावे लागते. ट्रॅकवर स्कूटर चढतात म्हणून तोंडाशी खांब रोवले जातात. पण साध्या सायकलचे हँडल साधारण ६० सेंटिमीटर रुंद, स्कूटरचे ७० च्या आसपास. स्कूटरला अडवेल एवढी फट ठेवली की सायकलवालाही अंग चोरून, पाय टेकवून जातो. दोन गॅस सिलिंडर लटकवलेल्या सायकलला किंवा अपंगांच्या तीनचाकीला तर मार्गच बंद. खांबांमध्ये १.२ मीटर फट ठेवली तर मोटार आणि रिक्षा अडतात, दुचाकी नाही. म्हणजे खांबाकडून जे काम होऊच शकत नाही त्याची अपेक्षा सोडून द्यायला हवी. एकच खांब ट्रॅकच्या मधोमध रोवणे तर घातक. रात्री तो दिसत नाही आणि दोन सायकली पाठोपाठ असल्या तर मागच्याला समोर काय आहे ते कळतच नाही.

दुचाकी ट्रॅकवर का चढतात हे नीट पाहिले तर दोन कारणे दिसतात. एक, कोंडी. दुसरे, ज्याबद्दल कमी बोलले जाते, दुभाजक. पुढचा यू-टर्न ७००-८०० मीटरवर असेल तर पलीकडच्या दुकानातून निघालेला माणूस दीड किलोमीटरचा वळसा घालत नाही, उलट्या दिशेने ट्रॅकवरून २०० मीटर जातो. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, वळण्याची जागा जवळ आणली पाहिजे. सोबतीला कर्ब सलग पूर्ण १५ सेंटिमीटर उंच हवा, चढायला सोपे उतार फक्त गेटच्या रुंदीएवढेच. फुटपाथ आणि सायकल ट्रॅकवर वाहन चालवायला मोटार वाहन चालवण्याच्या २०१७ च्या विनियमांनी बंदी आहेच. रोज एका ठिकाणी संध्याकाळी दोन तास कारवाई झाली, जागा बदलत राहिल्या, तर दोन-तीन महिन्यांत फरक पडतो असे माझे मत आहे. शहरभर एक दिवस मोहीम आणि मग वर्षभर शांतता याने काही होत नाही.

‘जागाच नाही हो रस्त्यात’ हे उत्तर सगळीकडून मिळते. मोजून पाहू. ३० मीटरचा रस्ता, निम्मा म्हणजे १५ मीटर. भिंतीकडून निघा: फुटपाथ २.५, झाडे आणि खांब १, सायकल २, मोटारीची दारे उघडण्यासाठी मोकळी पट्टी अर्धा मीटर, पार्किंग किंवा बसथांब्याचा ओटा २.१, दोन लेन मिळून ६.३, आणि दुभाजकाचा निम्मा भाग ०.६. बरोबर १५ होतात. थांब्याच्या ठिकाणी ती अर्ध्या मीटरची पट्टी ओट्यात मिळवली की अडीच मीटरचा ओटाही बसतो. काही काढावे लागत नाही, शिस्त लावावी लागते.

२४ मीटरच्या रस्त्याला निम्म्यात १२ मिळतात. फुटपाथ २, सायकल २, मधली पट्टी ०.५, लेन ६.३, दुभाजक ०.६, एकूण ११.४. उरलेल्या ०.६ मध्ये खांब कसेबसे बसतात. पार्किंग बसत नाही. १०० मीटर लांबीत एका बाजूला साधारण १८ मोटारी उभ्या राहतात. त्या १८ मोटारी की सायकलचा सलग मार्ग, असा हा सरळ प्रश्न आहे आणि तो लोकांसमोर असाच मांडायला हवा. आज काय होते, तर दोन्ही देण्याचा आव आणून सायकलला सव्वा मीटर दिला जातो. त्यात झाडाचे खोड, महावितरणची डीपी आणि दिशादर्शकाचा खांब. सव्वा मीटरवर एक सायकल दुसरीला ओलांडू शकत नाही. चालत्या सायकलला तोल सांभाळायला एकटीलाच एक मीटर लागतो. असा ट्रॅक देण्यापेक्षा न दिलेला बरा, कारण ट्रॅक आहे म्हटल्यावर मागचा मोटारवाला हॉर्न वाजवून तिकडे जा म्हणतो.

पेठांमध्ये तर ट्रॅकचा हट्टच नको. लक्ष्मी रस्त्यावर किंवा कसबा, सदाशिव, नारायणच्या गल्ल्यांत वेगळी पट्टी काढायला जागा नाही आणि गरजही नाही. तिथे वाहनांचा वेग ३० च्या आत राहील एवढी काळजी घेतली की सायकल मिसळून चालते. शांत एकेरी गल्ल्यांमध्ये सायकलला दोन्ही दिशांनी जायची अधिकृत मुभा द्यावी, म्हणजे शाळेतल्या मुलांचा बाजीराव रस्त्यावरचा वळसा वाचेल. वेगळा मार्ग हवा तो कर्वे रस्ता, सातारा रस्ता, नगर रस्ता, सिंहगड रस्ता यांसारख्या ठिकाणी, जिथे बस, डंपर आणि मोटारी ४०-५० च्या वेगाने बाजूने जातात.

यावरचा नेहमीचा आक्षेप, सायकली आहेतच किती? रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने सायकल ट्रॅकसाठी संहिता केली ती १९६२ मध्ये, २०१५ मध्ये ती सुधारली. जुन्या संहितेतला निकष बोलका आहे. गर्दीच्या तासात ४०० सायकली असतील आणि मोटारी १०० ते २०० असतील तर वेगळा ट्रॅक द्यावा, पण मोटारी २०० च्या वर गेल्या तर १०० सायकलींनाही तो द्यावा. मोटारी वाढल्या की सायकली कमी असूनही ट्रॅकची गरज वाढते, हे त्या काळच्या अभियंत्यांनी ओळखले होते. तासाला २०० मोटारी आज पुण्याच्या उपनगरातल्या गल्लीतही होतात. आणि पहाटे पाच ते सात किंवा रात्री नऊनंतर मोजणी केली तर सायकली दिसतात. पेपर टाकणारी मुले, दूधवाले, पाळी संपवून परतणारे सुरक्षारक्षक, बांधकामावरचे मजूर. वाहतुकीची मोजणी बहुधा मोटारींच्या गर्दीच्या वेळेत होते, त्यामुळे ही माणसे आकड्यांत येत नाहीत. मोजणी २४ तासांची हवी.

पाणी मुरते ते निविदेत. ठेकेदाराला पैसे मिळतात ते पेव्हरच्या चौरस मीटरचे, कर्बच्या रनिंग मीटरचे, रंगाच्या चौरस मीटरचे. चौकातला नीट बांधलेला सांधा या मोजमापात कुठेच येत नाही. त्याची रक्कम नगण्य, डोकेदुखी मोठी, आणि त्यात पावसाळी गटार, सिग्नल, वीज असे चार विभाग गुंतलेले. साहजिकच सरळ भाग आधी होतो, बिल निघते, आणि चौक ‘पुढच्या टप्प्यात’ राहतो. हे फिरवायचे असेल तर कामाचा तुकडाच वेगळा पाडायला हवा. एका चौकाच्या अलीकडच्या तोंडापासून पुढच्या चौकाच्या पलीकडच्या तोंडापर्यंत, दोन्ही चौक धरून, ५०० ते ८०० मीटरचे एक काम. त्यात प्रत्येक गेट, थांबा आणि चौकाचा १:१०० प्रमाणातला स्वतंत्र नकाशा, दर पाच मीटरला पातळीची नोंद, आणि आधी चौक मग सरळ भाग असा क्रम. अंतिम बिलातली २० टक्के रक्कम चाचणी होईपर्यंत राखून ठेवावी. केबलसाठी आडव्या नळ्या आधीच टाकून ठेवाव्यात, म्हणजे दोन महिन्यांनी खोदाईची परवानगी मागत कोणी येणार नाही.

चाचणी साधी असावी. कनिष्ठ अभियंता, ठेकेदाराचा माणूस आणि परिसरातले दोन-तीन नेहमीचे सायकलस्वार यांनी कॅरिअरवर २५ किलोचे पोते बांधून साध्या बिनगिअरच्या सायकलवरून तो तुकडा दोन्ही दिशांना पार करायचा, एकदा सकाळी नऊला आणि एकदा रात्री आठला. कुठे पाय टेकवावा लागला, कुठे ट्रॅक सोडून रस्त्यावर उतरावे लागले, कुठे अंधार होता, ते नकाशावर खुणा करून मोजमाप पुस्तिकेला जोडायचे. पाय टेकवला ती जागा दुरुस्त झाल्याशिवाय राखीव रक्कम सुटणार नाही. मग जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर अर्ध्या तासाने पुन्हा जायचे, पाणी साचले असेल त्याच्या कडेने तेलरंगाने रेघ मारायची, आणि दोषदायित्वाचा कालावधी (कामातले दोष ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत) चालू आहे तोवर तेवढा भाग उकलून ठेकेदाराकडून पुन्हा करून घ्यायचा.